दुधाचं माप आणि गाण्याचं माप

जेवणखाण, भांडीकुंडी उरकून रेडिओजवळ बसलात ना? आज आम्ही गटातल्या बाया तुम्हाला गाण्याच्या हिशेबाची गोष्ट सांगणार आहोत.

मागच्या आषाढात आम्ही आठजणींनी याच केंद्रावर जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. केंद्रातल्या ताईंनी त्या मोबाईलवरच्या गाण्यांच्या ॲपवर चढवून दिल्या. दोन महिने झाले तरी आकडा चारशेच्या पुढे सरकेना. मग एके दिवशी एका माणसाचा फोन आला. म्हणाला, पाच हजार भरा, आठ दिवसांत लाखभर वेळा ऐकलं गेल्याचं दाखवतो, मग मोठ्या कंपन्या तुम्हाला शोधत येतील. आमच्यातल्या तिघींना ते पटलं. पैसे गटाच्या बचतीतून काढायचे होते. त्यात कुणाच्या लेकीची फी आहे, कुणाचं शेळीसाठीचं कर्ज आहे. बैठकीत चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं, आधी हा हिशेब समजून घेऊ, मग पैशाचं बोलू.

केंद्रातल्या ताईंनी आम्हाला संगणकासमोर बसवलं आणि विचारलं, "डेअरीवर दूध घालताना काय मोजतात?" आम्ही म्हटलं, लिटर मोजतात आणि फॅट बघतात. नुसत्या लिटरवर कुणी भाव देत नाही. त्या म्हणाल्या, गाण्याचंही तसंच आहे.

किती वेळा वाजलं, हे झालं लिटर. स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणं तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. पण नवा गायक शोधणारी माणसं तेवढ्यावर थांबत नाहीत. ऐकणाऱ्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं की मध्येच पुढे ढकललं? जपून ठेवलं का? दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधून लावलं का? ऐकणारे कुठल्या गावचे? आणि हे सगळं आठवड्यागणिक वाढतंय का? हे झालं गाण्याचं फॅट. लाख वेळा वाजलेलं पण कुणी पुन्हा न ऐकलेलं गाणं त्यांना नको असतं. दोनशेच जणांनी ऐकलेलं, पण त्यांतले निम्मे पुन्हा पुन्हा परत येतात, असं गाणं त्यांच्या नजरेत भरतं.

याचं एक खरं उदाहरण ऐका. लॉर्ड नावाची न्यूझीलंडची मुलगी. २०१३ साली तिचं 'रॉयल्स' हे गाणं आलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. शझाम नावाचं एक ॲप आहे. कुठं गाणं कानावर पडलं आणि ते कोणतं हे कळेना, की फोन त्या आवाजासमोर धरायचा, ॲप गाण्याचं नाव सांगतं. लोक स्वतःहून एखाद्या गाण्याचं नाव विचारतात, म्हणजे त्यांना ते आवडलेलं असतं. हे विचारणं कुठून कुठे सरकतंय, हे शझामवाल्यांना नकाशावर दिसत होतं. आधी न्यूझीलंड, मग अमेरिकेतलं नॅशव्हिल शहर, मग तिथल्या किनाऱ्यावरची मोठी शहरं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गाणं अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिच्यामागे गाण्याची मोठी कंपनी होती, हेही खरं. पण लोकांना गाणं भावतंय, हे आधी आकड्यांत दिसलं.

आता त्या फोनवाल्याचं बघू. तो देणार होता ते पाणी घातलेलं दूध. यंत्रं लावून गाणं वाजवत ठेवायचं, ऐकणारं माणूस कुणीच नाही. डेअरीवर डिग्री लावली की पाणी उघडं पडतं, तसं ॲपवाल्यांनाही हे कळतं. एकाच ठिकाणाहून हजारो वेळा वाजणं, सगळ्यांनी नेमकं तीस-पस्तीस सेकंदच ऐकणं, जपून कुणीच न ठेवणं, या त्या खुणा. असं सापडलं की ते आकडे वजा होतात, गाणं काढूनही टाकतात. पाच हजार गेले ते गेले, वर नाव खराब.

मग ताईंनी आमच्याच ओव्यांचा हिशेब उघडला. आकडा लहान, पण ऐकणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे आणि सुरतेचे. रात्री दहानंतर ऐकणारे. आणि बरेचजण शेवटपर्यंत ऐकणारे. आमच्यातली एक म्हातारी आत्या पटकन म्हणाली, "अगं, या तर आपल्याच लेकी! कामं आवरून ऐकतायत." खोलीत कुणी बोलेना. चारशे आकडा थोडा वाटत होता, त्यात माणसं दिसायला लागली.

पैसे भरायचे नाहीत, असं त्याच दिवशी ठरलं. तिघींनीही हात वर केला. आता आम्ही दर महिन्याला एक नवी ओवी चढवतो आणि सासरी गेलेल्या लेकींना, कामाला गेलेल्या भावाबहिणींना फोन करून सांगतो. लावून ठेवा म्हणत नाही. आवडली तर पुरती ऐका, जपून ठेवा, एवढंच म्हणतो. पैशाची आशाही बेतानं धरली आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मोबदला मिळत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. हे यंत्र सगळं मोजत नाही. घरात फोन एकच आणि तो धन्याच्या नावावर असला, तर तुम्ही ऐकलेलं त्याच्या खात्यात जातं. आत्ता रेडिओवर ऐकताय ते तर त्या हिशेबात येतच नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या म्हणणाऱ्या बायांना कधी कुणी मोजलं नव्हतं. म्हणून काय त्या ओव्या हलक्या होत्या?

तेव्हा तुमच्या गटातही कुणी गात असेल, तर आकडा विकत घेऊ नका. हिशेब उघडून बघा, कोण ऐकतंय, कुठून ऐकतंय, परत येतंय का. समजलं नाही तर केंद्रावर या, ताई दाखवतील, आम्हीही सोबत बसू.

येतो मैत्रिणींनो. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू.