घरातील तरुणाचा कर्करोग : उपचार, खर्च आणि समाजाचे कर्तव्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



घरातील वयोवृद्ध व्यक्तीला दुर्धर आजार झाला तर घर दुःखी होते. परंतु त्या दुःखात मनाची थोडीफार तयारी झालेली असते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला वा मुलीला कर्करोग झाल्याचे कळते, तेव्हा अशी कोणतीही तयारी नसते. ज्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढले, ज्याच्या कमाईवर पुढील वीस वर्षांचा संसार मनाशी आखला, तोच अंथरुणाला खिळतो आणि विश्रांतीच्या वयाला आलेले वडील पुन्हा पैशाच्या मागे धावू लागतात. या प्रसंगात रोगाइतकाच घराचा कस लावणारी गोष्ट म्हणजे खर्च, आणि खर्चाइतकेच जड असणारे मौन. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोहोंशी निगडित आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावातील कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडिलांचे भुसार मालाचे छोटे दुकान, आई गृहिणी, थोरली मुलगी शिक्षिका आणि धाकटा मुलगा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला. मुलाला पंधरा दिवस ताप येत राहिला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर निळसर डाग दिसू लागले. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि विलंब न करता मोठ्या रुग्णालयात पाठविले. अस्थिमज्जेच्या तपासणीत रक्ताचा तीव्र कर्करोग, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, असे निदान झाले.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. या आजारावर उपचार आहेत. लहान मुलांमध्ये तो बरा होण्याचे प्रमाण फार चांगले आहे आणि तरुणांनाही आता मुलांच्या पद्धतीने कडक उपचार दिल्याने पूर्वीपेक्षा चांगले यश येते. दुसरी गोष्ट अशी की, हा उपचार दोन-तीन वर्षांचा आहे. प्रारंभीचा महिना रुग्णालयातला, नंतरचे काही महिने तीव्र केमोथेरपीचे आणि त्यानंतर सुमारे दोन वर्षे गोळ्यांचे. मधेच सोडला तर रोग परतण्याचा धोका वाढतो आणि परतलेला रोग आवरणे फार अवघड जाते.

वडिलांनी ऐकले ते एवढेच की मुलगा वाचू शकतो. खर्च किती येईल, हे त्यांनी विचारलेच नाही. मुलाच्या जिवापुढे पैशाची भाषा करणे त्यांना पाप वाटले. पुष्कळ घरांत हेच घडते आणि पुढील अडचणींचा आरंभही येथूनच होतो.

खर्चाचे स्वरूप बाहेरून दिसते त्याहून वेगळे असते. केमोथेरपीची औषधे महाग असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु या कुटुंबाच्या वहीत वर्षअखेर जे आकडे उतरले, त्यांत औषधांखेरीज जंतुसंसर्ग झाल्यावरचे प्रतिजैविकांचे इंजेक्शन, रक्त आणि प्लेटलेट, वारंवारच्या तपासण्या, मुंबईतील खोलीचे भाडे, जाण्या-येण्याचा खर्च आणि बंद राहिलेल्या दुकानाचे बुडालेले उत्पन्न यांचाच वाटा मोठा होता. याउलट शेवटच्या दोन वर्षांत घ्यावयाच्या मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट या गोळ्या तुलनेने स्वस्त असतात. म्हणजे ज्या टप्प्यात औषधाचा खर्च उतरतो, त्याच टप्प्याला कुटुंब रित्या हाताने पोहोचलेले असते.

येथेही तसेच झाले. आठव्या महिन्यात मुलाच्या डोक्यावर केस परत आले, भूक लागू लागली, तो दुकानात येऊन बसू लागला. तेथे गल्ल्याखालची उधारीची वही त्याच्या हाती पडली. घर गहाण पडले होते, आईच्या पाटल्या गेल्या होत्या आणि दोन व्यापाऱ्यांची देणी थकली होती. त्या रात्री तो वडिलांना म्हणाला, "अण्णा, आता मला काही होत नाही. तपासण्या, गोळ्या पुरे झाल्या. ताईचं लग्न आधी उरकून घ्या."

अण्णा काही बोलू शकले नाहीत. ताईच्या स्थळाची बोलणी चालू होती आणि भावाच्या आजाराचा उल्लेख तेथे जाणूनबुजून टाळला गेला होता. मुंबईच्या फेऱ्यांना 'दुकानाचे काम' म्हटले जात होते. बोलली ती ताईच. "ज्या घराला तुझा आजार सांगता येत नाही, त्या घरात मला जायचं नाही. उद्या अण्णांनी सांगावं, नाही तर मी सांगते." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन करून सर्व सांगितले. त्या स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही. परंतु मौन सुटले आणि मौन सुटताच मदतीचे मार्ग दिसू लागले, कारण जो आजार कोणाला सांगितलाच नाही, त्यासाठी मदत मागणार तरी कशी?

काका रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात गेले, तेव्हा तेथील कार्यकर्तीने पहिला प्रश्न केला, "पहिल्या आठवड्यातच का आला नाहीत?" मोठ्या रुग्णालयांतील हा विभाग फक्त अगदी निर्धनांसाठीच असतो, हा समज चुकीचा आहे. कोणती योजना लागू पडते, कोणती कागदपत्रे हवीत, कोणत्या न्यासाकडे अर्ज करावा, याचे मार्गदर्शन तेथे मिळते.

सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात अशा काही गोष्टी येथे नमूद करणे आवश्यक आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. सामान्य वर्गातील रुग्णांना तेथे सवलतीत उपचार मिळतात. राज्य शासनाची योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ सालची. तिचे संरक्षण प्रति कुटुंब, प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंत आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. उपचारांची पूर्वमंजुरी त्याच्यामार्फत घ्यावी लागते. स्वतःच्या खिशातून बिल भरून नंतर पैसे परत मागू, असे म्हणून चालत नाही. म्हणूनच पहिल्या आठवड्याला महत्त्व आहे.

धर्मादाय न्यासांमार्फत चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांवरही कायद्याने जबाबदारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधीही त्यांना ठेवावा लागतो. रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला व त्याच्या एका सोबत्याला भाड्यात सवलत आहे. मुंबईत राहण्यासाठी दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेसारखी आश्रयस्थाने आहेत. यांतील एकही सोय या कुटुंबाला पहिल्या आठ महिन्यांत ठाऊक नव्हती.

आता समाजाविषयी. या घरी भेटीला येणाऱ्यांत काहींनी मुलाच्या समोरच पूर्वकर्माचा विषय काढला. कर्मसिद्धांत माणसाने स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी आहे. आजारी मुलाच्या उशाशी बसून त्याचा हिशेब मांडण्यासाठी नव्हे. काहींनी केमोथेरपी सोडून अमक्या काढ्याचा आग्रह धरला. एका समारंभात मदतीचे पाकीट देण्यासाठी वडिलांना व्यासपीठावर बोलाविण्यात आले. अण्णा गेले नाहीत. गुप्तदानाची थोरवी सांगणाऱ्या समाजाला त्यांच्या न जाण्याचा अर्थ कळावयास हवा होता.

खरा उपयोग झाला तो वेगळ्याच मदतीचा. शेजारच्या व्यापाऱ्याने रोज दोन तास अण्णांचे दुकान सांभाळले. एका वकिलाने अर्जांच्या प्रती आणि दाखले यांची धारिका नीट लावून दिली. अकरा तरुणांनी प्लेटलेट देण्यासाठी नावे नोंदविली. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. त्यामुळे एकाच दिवशी मोठे रक्तदान शिबिर भरविण्यापेक्षा, दूरध्वनी येताच निघू शकणाऱ्या दात्यांची यादी अशा रुग्णाला अधिक उपयोगी पडते. यंत्राद्वारे प्लेटलेट देणारा निरोगी दाता ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, हेही पुष्कळांना माहीत नसते.

उपचार सुरू होण्यापूर्वी विचारावयाची आणखी एक गोष्ट संकोचामुळे राहून जाते. केमोथेरपीचा परिणाम पुढे अपत्यप्राप्तीवर होऊ शकतो. त्यासाठी आधीच करावयाच्या उपायांबद्दल डॉक्टरांना विचारावे. तरुण रुग्णाच्या दृष्टीने तो आयुष्याचाच प्रश्न असतो. तसेच मुलगा ठरावीक वयापुढे गेला की तो वडिलांच्या आरोग्यविम्यातून बहुधा बाहेर पडतो आणि नवा विमा काढण्याचे कोणाला सुचत नाही. विमा निरोगी असतानाच काढावा लागतो. निदानानंतर त्याचा उपयोग नसतो.

या मुलाने गोळ्या सोडल्या नाहीत. दोन वर्षांचा टप्पा पूर्ण झाला आणि आता तो ठरलेल्या मुदतीने तपासणीस जातो. प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही. घर अद्याप गहाणच आहे, पण हप्ता वेळेवर जातो. त्या हप्त्यात आता मुलाच्या पगाराचाही वाटा असतो.

बंधुभगिनींनो, प्रत्येक गावच्या समाजाने दोन-तीन जाणत्या माणसांवर एवढे एकच काम सोपवावे : कोणाच्या घरी असे निदान झाल्याचे कळताच, पहिल्याच आठवड्यात, गाजावाजा न करता त्या घरी जावे, शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला तयार आहे का हे पाहावे आणि कोणाला तरी बरोबर घेऊन समाजसेवा विभागाची पायरी चढावी. पैसे नंतरही उभे राहतात. हातचा गेलेला पहिला आठवडा मात्र परत मिळत नाही.