अक्षराशीं पहिली ओळख



एका सुशिक्षित घरांतला पांच वर्षांचा मुलगा. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सारीं मुळाक्षरें तो एका दमांत म्हणून दाखवी, आणि पाहुणे आले कीं त्याला तीं हटकून म्हणावयास सांगण्यांत येई. एके दिवशीं वडिलांबरोबर रस्त्यानें जातांना चहाच्या दुकानाची पाटी दिसली. तीवर 'गरम चहा' असें लिहिलें होतें. वडिलांनीं 'गरम'मधील शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून विचारलें, "हें कोणतें?" मुलगा गोंधळला. थोडा वेळ थांबून त्यानें पुन्हा 'क'पासून आरंभ केला. 'म' येऊन गेला तरी तो थांबला नाहीं. "एवढें पाठ असून साधा 'म' ओळखतां येत नाहीं!" असें म्हणून वडील चिडले, आणि मुलाचें तोंड एवढेंसें झालें.

त्या मुलाचा दोष कोणता? त्याला मुळाक्षरें येतच नव्हतीं. मुळाक्षरांचें एक गाणें येत होतें.

अक्षर हें कानाला ध्वनि, डोळ्याला आकृति आणि हाताला वळण असतें. हीं तिन्ही एकत्र जुळलीं, तरच अक्षर आलें म्हणावयाचें. जुन्या पंतोजींच्या शाळेंत पाटीवर धूळ पसरून मुलाकडून तींत बोटानें अक्षर गिरवून घेत आणि तेंच मोठ्यानें म्हणावयास लावीत. छडीचा भाग सोडला, तर त्या रीतींत शहाणपण होतें. बोट, डोळा आणि तोंड एकाच वेळीं एकाच अक्षरावर असत. डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें बालगृह उघडलें. खरखरीत कागदाचीं अक्षरें मुलांच्या बोटांखालीं देऊन त्याच वेळीं ध्वनि म्हणवून घेण्याची त्यांची पद्धति याच जातीची होय. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून बालशिक्षणाचे असे नवे विचार गुजराती व मराठी पालकांपर्यंत पोंचविले.

आरंभ कानापासून व्हावा. मराठी मुलाचें भाग्य असें कीं, त्याच्या अक्षराचें नांव आणि उच्चार बहुधा एकच असतो. इंग्रजी मुलाला अक्षराचें नांव 'एच' असें शिकून उच्चार मात्र 'ह' असा करावा लागतो. परंतु हें भाग्य आपल्या हातानें घालवितांही येतें. 'ग' शिकवितांना गाय किंवा गाजर दाखविलें, तर मुलाच्या कानावर 'गा' पडतो, 'ग' नव्हे. त्यासाठीं गवत, गहू, गणपति हे शब्द घ्यावे. तक्त्यावर 'ण'शेजारीं बाण काढलेला असतो, आणि मूल बिचारें बाणाचें पहिलें अक्षरच 'ण' समजतें. 'ण' व 'ळ' यांनीं नेहमींच्या मराठी शब्दांचा आरंभ होत नाहीं, तेव्हां "बाणाच्या शेवटीं काय ऐकूं येतें?" असें विचारावें. 'च'चे तर दोन उच्चार आहेत. चमच्यांतला एक, चहांतला दुसरा. ते दोन्ही एकाच दिवशीं मुलापुढें ठेवूं नयेत.

कानानंतर डोळा. येथें चित्राचा मोह आवरावा. चित्र शेजारीं असलें कीं मूल चित्र वाचतें, अक्षर वाचीत नाहीं. म्हणून एकदां ओळख झाली कीं चित्र हातानें झांकावें. डोळ्याला भेद उपकारक असतो. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध', 'ब' आणि 'व' हीं जोडपीं एका वेळीं आणूं नयेत. एक पक्कें झाल्यावरच दुसरें आणावें.

हाताचा न्याय मात्र उलटा आहे. त्याला सारखेपणा उपकारक. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांप्रमाणें लावलेला वर्णमालेचा क्रम व्याकरणाला भूषण आहे, पण लहान हातासाठीं तो रचलेला नाहीं. 'ग' साधला कीं त्याच उभ्या दंडाच्या आधारानें 'म' व 'न' लवकर साधतात. 'ग म भ न' हा ओळखीचा क्रम अशा वळणाच्या सारखेपणावर उभा आहे. पेन्सिलीची घाई नको. प्रथम ताटांत रवा पसरून बोटानें मोठें अक्षर काढूं द्यावें, मग पाटीवर, आणि शेवटीं कागदावर.

आणखी एक नियम: अक्षर आधीं, रेघ शेवटीं. मुलाला सोपें जावें म्हणून कित्येक पालक आधींच रेघ ओढून देतात. पण 'भ' आणि 'ध' यांची रेघ डावीकडे तुटलेली असते. ती अखंड झाली कीं 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. मूल 'भात' लिहावयास जातें आणि 'मात' लिहितें. बोलणीं त्याला बसतात, चूक मात्र रेघ ओढणाऱ्याची असते. तसेंच, उलटें अक्षर काढणें हें मंदबुद्धीचें लक्षण नव्हे. लहान वयांत तें सामान्य असून बहुतेक मुलांत सातव्या वर्षाच्या सुमारास कमी होतें. त्यापुढेंही तें फार राहिलें, तर जाणकाराचा सल्ला घ्यावा. रागावून तें सुधारत नाहीं.

त्या मुलाच्या घरीं पाहुण्यांपुढें मुळाक्षरें म्हणविणें बंद झालें. आईनें चारच अक्षरें घेतलीं: ग, र, म, न. एक अक्षर ऐकण्यांत, ओळखण्यांत आणि रव्यांत काढण्यांत तीं दोघें कित्येक दिवस घालवीत. चौथें अक्षर पुरें झालें, तेव्हां त्या चारांतून मन, नग, नगर, मगर, नरम इतके शब्द निघाले. पुढें एकदां वडिलांबरोबर तो त्याच दुकानावरून जात होता. वडिलांनीं कांहीं विचारलें नाहीं. मुलानेंच बोट वर केलें आणि एकेक अक्षर उच्चारलें: "ग... र... म..." क्षणभर थांबला, आणि मग ओरडला, "गरम!"

शेवटच्या 'म'मधला 'अ' त्यानें आपण होऊन गाळला होता. तें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें.