थंडीतली जत्रा
(हिवाळी व्याख्यानमालेत फ्रँकफर्ट येथे दिलेले व्याख्यान)

डिसेंबरात आपल्याकडे पुण्या-मुंबईहून कुणी ना कुणी पाहुणा येतो. आपण त्याला नाताळचा बाजार दाखवायला रोमरबेर्गच्या चौकात नेतो, आणि तो हात चोळत विचारतो, “एवढ्या गारठ्यात ही माणसं उघड्यावर बाजार का भरवतात?” प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी जरा दूर, ध्रुववृत्ताच्या पलीकडे जावं लागतं.

उत्तर स्वीडनमध्ये योकमोक नावाचं छोटं गाव आहे. १६०५ साली राजा नववा कार्ल याच्या हुकमाने तिथे हिवाळी बाजार सुरू झाला. तिथले मूळ रहिवासी सामी लोक रेनडिअरच्या कळपांमागे फिरायचे, त्यामुळे राजाच्या वसुली अधिकाऱ्यांना ते सापडायचे नाहीत. हिवाळ्यात मात्र ते जंगलातल्या ठरलेल्या मुक्कामी उतरत. बाजार तिथेच बसवला की व्यापारी, कर घेणारा आणि पाद्री या तिघांचंही काम एका फेरीत होई. शिवाय उन्हाळ्यात त्या मुलखात दलदल आणि नद्या वाट अडवतात. सगळं गोठलं की घसरगाडी सरळ धावते. थंडी हीच तिथली पक्की सडक!

आता आपल्या मुलखाकडे पाहा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्रा, तीही मार्गशीर्षातच. खरीप घरात आलेलं, हातात चार पैसे, वाटा कोरड्या. रस्ता मोकळा आणि माणूसही मोकळा, असे दिवस जिथे जेव्हा येतात, तिथे तेव्हा जत्रा भरते.

फ्रँकफर्ट तर बाजारावरच वाढलेलं शहर. १२४० साली सम्राट दुसरा फ्रेडरिक याने इथल्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना वाटेत संरक्षण दिलं. नाताळच्या बाजाराची पहिली नोंद १३९३ची आहे. मार्च १९४४च्या बॉम्बवर्षावात हे जुनं शहर जळून गेलं. रोमरबेर्गच्या पूर्वेला जी लाकडी चौकटींची सुंदर घरं दिसतात, ती १९८०च्या दशकात जुन्या धर्तीवर पुन्हा बांधलेली आहेत. घरं नवी, पण त्यांच्यासमोर भरणारा बाजार सहाशे वर्षांहून जुना, हे पाहुण्यांना जरूर सांगा.

आणि त्यांना एक वस्तू हातात घेऊन दाखवा: क्वेत्शेमेन्शेन. सुकवलेले आलुबुखार तारेत ओवून केलेले हातपाय आणि अक्रोडाचं डोकं. वर टोपी. हा छोटासा माणूस जुन्या काळी प्रेमाचा निरोप्या होता. मुलगा तो मुलीकडे पाठवी. तिने ठेवून घेतला तर होकार, परत धाडला तर नकार. मला हा बाहुला फार आवडतो. अक्रोडाच्या सुरकुत्यांमुळे प्रत्येकाचा चेहरा वेगळा, कुणी हसरा, कुणी रुसलेला. हाताने केलेल्या वस्तूत असा जीव असतो. योकमोकला सामी कारागीर बर्चच्या गाठीतून कोरलेला पेला किंवा शिंगाच्या मुठीची सुरी मांडून बसतात, त्या कलेला ते ‘दुओद्यी’ म्हणतात. तिथेही करणारा समोर बसलेला असतो आणि वस्तू कशी झाली हे त्याला विचारता येतं.

योकमोकचा तो राजा गेला, त्याचा करही गेला. बाजार मात्र अजून फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी सुरू होतो. पारा कित्येकदा उणे तीसपर्यंत उतरतो, तरी लांब-लांबच्या वाड्यांवरचे सोयरे तिथे एकमेकांना भेटतात. माझ्या मते बाजार टिकतो तो या भेटींमुळे. इथेही गरम सफरचंदी वाइनच्या मगाभोवती, दालचिनी-लवंगेच्या वाफेत, ऑफिसातली अबोल माणसं तासन्‌तास बोलत उभी असतात.

म्हणून एक विनंती. यंदा फक्त फोटो काढून परतू नका. शनिवार-रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी जा, मुलांना न्या, कारागिराशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये का होईना, बोला. आणि ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारी साडेचारला चौकात उभे राहा. दहा चर्चच्या पन्नास घंटा तेव्हा एकत्र वाजतात.