जुने खेळ आणि यंत्राचा दुभाष्या



ज्याचे आयुष्य कोळसा खाणीच्या दारात आणि तेंदूपत्त्याच्या मजुरांत गेले, त्याने व्हिडिओ गेमवर बोलावे याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना लॅपटॉप आहे. तो सुरू होईतो चहा पिऊन होतो. एका खाणकामगाराचा मुलगा त्यावर जुने खेळ बिनतक्रार खेळताना मी पाहिला. वर्गणीच्या तक्त्याला जे यंत्र धापा टाकते, त्याला हे जमते कसे?

उत्तर मला भामरागडकडच्या सभांत सापडले. मी मराठीत बोलतो, दुभाष्या ते माडियात सांगतो. एम्युलेटर हा असाच दुभाष्या. जुन्या खेळयंत्राच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली एकेक आज्ञा तो लॅपटॉपला समजावून सांगतो, शिवाय चित्राच्या व आवाजाच्या चिपांची सोंगेही वठवतो. एका आज्ञेमागे लॅपटॉपला अनेक कामे पडतात. पण १९८३ साली जपानात निघालेल्या फॅमिकॉमचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देई. आमचा म्हातारा लॅपटॉप १०० कोटींहून अधिक देतो. वक्ता सावकाश बोलणारा असला, की थकल्या दुभाष्याचेही निभते. २००० सालचा प्लेस्टेशन २ मात्र २९ कोटींच्या घरातला, आणि त्यात अनेक चिपा एकदम बोलतात. तिथे आमची बोबडी वळते. काही चतुर दुभाषे एकदा केलेले भाषांतर जपून ठेवतात आणि तेच वाक्य पुन्हा आले की काढून देतात. तेवढाच भार हलका.

हा खटाटोप कशाला, असे आपण विचाराल. १९८० साली अटारी कंपनीचा 'ॲडव्हेंचर' हा खेळ निघाला. तो एकट्या वॉरन रॉबिनेटने रचला. कंपनी कारागिराचे नाव खेळावर घालत नसे. या गड्याने काय करावे? खेळात एक गुप्त खोली केली आणि आपले नाव तिथे लिहिले. मालकाला पत्ता नाही! ते उघडकीस येण्यापूर्वीच तो नोकरी सोडून गेला होता.

खेळावर मालकी हक्क असतो, म्हणून आम्ही रीतसर विकला जाणारा जुन्या खेळांचा संच घेतला. त्याच्याही पोटात दुभाष्याच आहे. पार्श्वभूमीच्या रंगात मिसळलेला एक ठिपका शोधून नेमक्या भिंतीपर्यंत न्यावा लागतो. आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या. मग त्या लॅपटॉपवर ते नाव रंग बदलत झळकले. पोराचा बाप पाळी संपवून नुकताच आला होता. त्याने विचारले, "हा कोण? मालक का?"

"नाही," पोरगा म्हणाला, "ज्यानं केलं तो."