कणगीतला ओवा, गोठ्यातला ओवा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. मागच्या बैठकीत त्यावर तासभर बोललो. बोलणे संपले तेव्हा मागच्या रांगेतली एक मायबहीण उठली आणि म्हणाली, "भाऊ, सुगीत भाव पडला की माल विकू नका, घरात ठेवा, असं तुम्ही दरवेळी सांगता. ठेवू कशी? पावसाळा लागला की ज्वारीचं पीठ होते. माझी सासू ओवा टाकायची, निंबाचा पाला टाकायची. त्यानं खरंच काही होते का?"

मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आले नाही. चार वर्षे शेतकीचे कॉलेज केले, पण सासूबाईंचा ओवा आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. आज ते उत्तर घेऊन आलो आहे.

व्यापारी ज्वारी पेरत नाही, निंदत नाही, कापत नाही. तो ती फक्त ठेवतो, आणि त्या ठेवण्याचेच पैसे त्याला मिळतात. त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण आपल्या घरात सोंडे नसते तर तेच काम आपणही केले असते. सोंडा हा आपल्याला सुगीतच बाजारात हाकलणारा मुकादम आहे, असे समजा.

हा मुकादम काम कसा करतो ते पाहू. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक वरून बंद करते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. आपण कणगी भरतो तेव्हा ज्वारी स्वच्छ दिसते, पण कीड आत आलेली असते. उबदार हवेत महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. एका मादीची तीनशे-चारशे अंडी धरा, म्हणजे पावसाळ्यापर्यंत काय होते ते सांगायला नको.

आता ओवा. ओव्यात शेकडा दोन ते चार भाग उडून जाणारे तेल असते. त्या तेलाचा मोठा हिस्सा म्हणजे थायमॉल. ओवा चोळल्यावर नाकाला झोंबते ते हेच. थायमॉल बुरशीला मारते, जंतूला मारते आणि कोंडलेल्या हवेत किडीलाही जड जाते. म्हणजे सासूबाईंचे चुकले नव्हते.

याचा एक जुना हिशेब सांगतो. १९१४ च्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातला ओवा जहाजे भरून जर्मनीला जायचा. तिथे त्याचे तेल काढायचे, तेलातून थायमॉल काढायचे आणि ते जगभर विकायचे. पोटातल्या आकडीकृमींवर तेव्हा तेच मोठे औषध होते. युद्ध पेटले, जर्मनीचा माल बंद झाला आणि थायमॉलची जगभर टंचाई झाली. ओवा आपल्याकडेच पडून होता! कच्चा माल बाहेर जाणार आणि पक्का होऊन परत येणार, ही गोष्ट कापसापुरती नाही, ती ओव्याच्या दाण्यालाही लागू आहे.

मग ओवा टाकूनही ज्वारी का किडते? वास हेच त्याचे औषध आहे, आणि वास उडून जातो. सुतळीच्या पोत्यात चिमूटभर ओवा टाकणे म्हणजे दारे-खिडक्या उघड्या ठेवून धुरी देणे. जुन्या बाया ओवा टाकायच्या तो तोंड लिंपलेल्या मडक्यात, शेणमातीने सारवलेल्या कणगीत. आपण कणगी मोडली, पोती आणली, आणि ओवा तेवढा ठेवला. भांडे बंद नसेल तर ओव्याचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

त्याच्याही आधीचे काम उन्हाचे. दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. दाण्यात शेकडा बाराच्या वर ओल असेल तर कोणताही पाला तुम्हाला वाचवणार नाही. ओल दहाच्या खाली गेली तर सोंड्यालाच पिढी वाढवणे कठीण जाते. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी मात्र ओव्याने सुधारत नाही. ती वेगळी काढा, चांगल्या मालात मिसळू नका.

इथे माझी फजिती सांगितली पाहिजे. संघटनेच्या कामाला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात मी मोठ्या तोऱ्यात सांगून आलो, कणगीत निंबाचा पाला टाका. दोन महिन्यांनी गेलो तर एका घरच्या कणगीच्या तळाशी ज्वारीचे ढेकूळ झालेले. बुरशीचा वास! त्यांनी झाडावरून तोडलेला ताजा पाला थराथराने घातला होता. सावलीत वाळवून घाला, हे मी सांगितलेच नव्हते. त्या घरची म्हातारी मला एवढेच म्हणाली, "बाबू, हिरवा पाला कणगीत घालायचा नसते, हे आम्हाला ठाऊक होतं. पण तुम्ही शिकलेले." शिकलेल्या माणसाचे ऐकण्याचा दंड त्या घराने दोन पायल्या ज्वारीत भरला.

निंबाबद्दल आणखी एक. त्याचा खरा जोर पाल्यापेक्षा निंबोळीच्या गरात आहे. बियाण्याच्या ज्वारीला क्विंटलला किलो-दोन किलो निंबोळीची भुकटी चोळा. खाण्याच्या ज्वारीत तिचा कडूपणा नको असतो, तिथे वाळलेला पालाच बरा. वेखंडही किडीला भारी आहे, पण ते फक्त बियाण्यासाठी. त्यातला एक घटक पोटात जाणे चांगले नाही.

तुरीची गोष्ट वेगळी. तुरीवरचा भुंगेरा अंडी दाण्याच्या वर चिकटवतो. म्हणून आपल्या बाया तुरीला एरंडेल चोळतात. किलोला चमचाभर तेल सगळ्या दाण्यांना नीट लागले तर अंडी गुदमरतात. तिथे वासाची गरजच नाही.

आणि त्या गोळ्या. ज्या घरात लेकरे झोपतात त्याच घरातल्या ज्वारीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी ठेवलेली मी पाहिली आहे. हवेतल्या ओलीने तिच्यातून विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही. नियमाप्रमाणे ती जाणकाराच्या देखरेखीखालीच वापरायची असते, पण दुकानात कोण विचारतो? कर्जापायी खचलेल्या कित्येक घरांत हीच गोळी शेवटची ठरली आहे. ती घरात नसणे हा ओव्याच्या बाजूने मला सर्वांत मोठा मुद्दा वाटतो.

आता गोठ्यात चला.

जनावराला पोटफुगी झाली की आपण ओवा, हिंग, काळे मीठ आणि गोडे तेल देतो. यातले निम्मे काम तेलाचे आहे. कोवळा हिरवा चारा खाऊन पोटात फेस होतो तेव्हा तेल तो फेस मोडते. मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर तेल, त्यात तीसेक ग्रॅम कुटलेला ओवा पुरे. पाजताना मान फार वर ओढू नका, जीभ धरून बाहेर काढू नका. औषध फुप्फुसात गेले की जनावर ओव्याने नाही, पाजणाऱ्याच्या घाईने मरते. डावी कूस ढोलासारखी ताठ झाली आणि जनावर धापा टाकू लागले तर घरी वेळ घालवू नका.

किरळ लागली असेल तर ओव्याचे नावही काढू नका. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी किंवा कापल्यावर फुटलेले धुमारे जनावराने खाल्ले की पोटात सायनाइडसारखे जहाल विष तयार होते. त्याला डॉक्टरची सुई लागते, आणि तीही तासाभराच्या आत. बुरशी लागलेल्या सरकीच्या ढेपेचेही तसेच. ओवा, हळद, काहीही टाका, बुरशीचे विष जात नाही. ते दुधात उतरते आणि आपल्याच लेकरांच्या पेल्यात येते.

रोजच्या खुराकात ओवा, मेथी, शेपा द्यावे का? थोडे जरूर द्या, भूक लागते, पचन सुधारते. पण जनावराच्या पोटात चारा पचवणारे कोट्यवधी जंतू असतात. थायमॉल चांगले-वाईट पाहून मारत नाही. जास्त झाले की चाराच पचत नाही. दुधाला वास नको असेल तर धार काढून झाल्यावर द्या.

ही आजीबाईंची पोतडी साहेब लोकांना आता आठवली आहे, त्याचे कारण ऐका. कोंबड्या-डुकरांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळायची रीत जगभर होती. त्याने जंतू निर्ढावले, माणसांना औषधे लागू पडेनात. युरोपच्या देशांनी १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी ही औषधे खाद्यात घालणे बंद केले. आपल्या सरकारने २०१९ साली कोलिस्टिन हे औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना व कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली. रिकाम्या झालेल्या जागेत सुगंधी तेलांच्या पुड्या आल्या. त्यात काय असते? थायमॉल, दालचिनीचे तेल, लवंगेचे तेल.

मी या कंपन्यांच्या विरोधात नाही. माल चांगला असेल तर घ्या. पण पुडीवर थायमॉल किती हे छापलेले नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्याला सांगता येत नसेल तर पुडी परत ठेवा. ओवा तुमच्या डब्यात आहे. शरद जोशींनी १९९१ साली चतुरंग शेती मांडली, तिच्यात माजघर शेती होती. पाट्यावरचा ओवा आणि लिंपलेली कणगी त्यातच मोडते.

त्या मायबहिणीला मात्र अजून पक्के उत्तर दिले नाही. ते तिनेच द्यावे. सारख्या मापाची दोन मडकी घ्या. एकाच खळ्यावरची, एकाच दिवशी वाळवलेली पाच-पाच किलो ज्वारी दोन्हींत भरा. एकात फडक्याच्या पुरचुंडीत मूठभर ओवा चुरून ठेवा, दुसऱ्यात काहीच नको. दोन्हींची तोंडे लिंपा, वर तारीख घाला. पोळा झाल्यावर जी बैठक होईल तिला दोन्ही मडकी इथे घेऊन या. सगळ्यांसमोर फोडू आणि मूठ-मूठ दाणे घेऊन त्यातले किडलेले मोजू.