बायबल ईश्वरप्रेरित का मानतात?



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने धर्मग्रंथावर का बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. आम्ही ख्रिस्तीही नव्हे. परंतु कोणी दावा मांडला की पुरावा काय, साक्षीदार कोण, हे पाहणे आमचे रोजचे काम. ‘बायबल ईश्वरप्रेरित आहे’ हा कोट्यवधी माणसांचा दावा आहे. तो त्याच रीतीने तपासू.

प्रथम दावा नीट समजून घेतला पाहिजे. देवाने सांगितले आणि लेखकाने कारकुनासारखे उतरवून घेतले, असे बहुतेक ख्रिस्ती पंडित म्हणत नाहीत. पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात जो ग्रीक शब्द येतो, त्याचा अर्थ ‘देवाच्या श्वासातून आलेले’ असा होतो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की, या ग्रंथांचा कर्ता देव आहे आणि ज्या माणसांनी ते लिहिले तीही खरीखुरी लेखक आहेत. म्हणजे गुराखी आपल्या बोलीत बोलतो, राजकवी आपल्या; बोलविता धनी मात्र एकच.

आता पुरावे. पहिला, ग्रंथ जपला गेल्याचा. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत चामड्याच्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशया संदेष्ट्याचा संपूर्ण ग्रंथ होता. तोवर हाती असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींहून सुमारे एक हजार वर्षांनी जुना. ताडून पाहता शब्दांचे व लेखनाचे फरक आढळले, पण ग्रंथ तोच निघाला. नक्कल करणाऱ्यांच्या सचोटीला आमचा नमस्कार! परंतु पगारपत्रकाची नक्कल बरहुकूम उतरली म्हणून मुळातला हिशेब खरा ठरत नाही.

दुसरा पुरावा भाकितांचा. यशयाने वर्णिलेला दुःख सोसणारा सेवक म्हणजेच येशू, असे ख्रिस्ती मानतात. यहुदी भाष्यकार त्याच वचनांत इस्राएल लोकांची व्यथा पाहतात. कागद एक, वाचणारे दोन. येथे पंच कोणी नेमावा?

तिसऱ्या कारणापाशी मात्र आम्ही थबकतो. संस्थांची इतिवृत्ते आम्ही पुष्कळ वाचली आहेत. त्यांत पदाधिकाऱ्यांचे दोष सहसा सापडत नाहीत. या ग्रंथात दावीद राजा दुसऱ्याची बायको घेतो, तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला धाडतो, आणि नाथान संदेष्टा राजाला तोंडावर दोषी ठरवतो. पेत्र हा शिष्यांतला अग्रणी. तो ऐन वेळी गुरूची ओळख नाकारतो, आणि चारही शुभवर्तमानांत ते नोंदले आहे. आमोस हा तकोवाचा गुराखी, उंबरांची निगा राखणारा. गोरगरिबांना चिरडणाऱ्या धनिकांवर तो कोरडे ओढतो, म्हणून बेथेलचा याजक त्याला हाकलू पाहतो. पण ग्रंथात वाणी राहिली ती आमोसाची. याकोबाचे पत्र तर शेत कापणाऱ्यांची बुडवलेली मजुरी थेट देवाच्या कानी घालते. आपल्याच राजांना, याजकांना आणि गुरुबंधूंना अडचणीत आणणारे हे कागद त्या समाजाने का जपले? श्रद्धावंत म्हणतो, केवळ माणसाची सोय पाहिली असती तर हे गाळले गेले असते.

यावर आक्षेप आहे. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, असेही याच ग्रंथात लिहिले आहे आणि अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी त्याचा पुरेपूर आधार घेतला. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापण्यात आले. मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल लोक कसे सुटले, ती कथा त्यातून वगळली होती. आज्ञापालनाची वचने मात्र राखली होती. सबंध पुस्तक गुलामाच्या हाती देणे सुरक्षित नाही, हे कात्री चालवणाऱ्यांनी ओळखले होते.

तरीही अन्यायाची चीड माणसालाही येते. तेवढ्यावरून देवाचा हात सिद्ध होत नाही. हे धर्मसुधारक कॅल्विन जाणत होता. बाहेरचे पुरावे साहाय्यक, अखेरची खात्री पवित्र आत्मा अंतःकरणात पटवतो, असे त्याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीला त्यांत स्त्रियांसाठी व शूद्रांसाठी मोक्षाची वाट मोकळी दिसली नाही. ख्रिस्ताच्या वचनांत ती दिसली, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. अशी निष्ठा नुसत्या जुन्या गुंडाळ्या पाहून येत नाही.

आमचे मत विचाराल तर, पुरावे माणसाला विचार करायला लावतात. विश्वास ज्याचा त्यालाच ठेवावा लागतो. तो आमच्या ठायी नाही. पण ज्यांच्या ठायी आहे ते भोळे आहेत, असे हा ग्रंथ वाचल्यावर आम्हाला म्हणवत नाही. मात्र कोणत्याही धर्माचा माणूस देवाचे वचन म्हणून एखादे वाक्य तुमच्यापुढे धरील आणि मान खाली घालायला सांगेल, तेव्हा त्याच्याकडे सबंध ग्रंथ मागा आणि तो स्वतः वाचा.