कुणाचं घर?

मी इमारतींचे आणि घरांचे फोटो काढतो. हे सांगितलं की लोक म्हणतात, सोपं काम आहे, इमारत काही हलत नाही की डोळे मिटत नाही. खरं आहे. पण ऊन हलतं ना!

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींची तोंडं समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीशी असतो, दर्शनी भाग सावलीत. आणि हौशी मंडळी नेमकी सकाळीच कॅमेरा घेऊन हजर! तिथं चारनंतर जावं. तिरपं ऊन पडलं, की त्या आर्ट डेको इमारतींचे गोल सज्जे आणि खिडक्यांवरचे आडवे छज्जे उठून दिसतात. यातल्या बऱ्याच इमारती १९३० आणि ४०च्या दशकांतल्या. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला त्यांच्याच बहिणी उभ्या आहेत आणि समोर व्हिक्टोरियन गॉथिक इमारती. २०१८ साली या समूहाला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. फोटो घेताना कॅमेरा वर करू नका, इमारत मागं कलंडल्यासारखी दिसते. रस्ता ओलांडून समुद्राच्या कट्ट्यापर्यंत मागं या आणि कॅमेरा सरळ धरा.

घराच्या आतलं काम अधिक अवघड. डोळ्यांना खोलीही दिसते आणि खिडकीबाहेरचा समुद्रही. कॅमेऱ्याला दुपारी दोन्ही एकदम जमत नाही. खोली नीट आली तर खिडकी पांढरीफटक, समुद्र आला तर खोलीत काळोख. म्हणून मी सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं धरतो. तेव्हा बाहेरचा उजेड आणि घरातले दिवे यांचं जमतं.

काही वर्षांपूर्वी शिवाजी पार्कजवळच्या एका जुन्या घरी गेलो होतो. खारी हवा काँक्रीटच्या आत शिरते, लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि छताचे पोपडे पडू लागतात. त्या इमारतीचं तेच झालं होतं. ती पाडून नवी बांधायची होती, आठवड्याभरात सामान हलणार होतं. आजींच्या मुलानं आठवण म्हणून फोटो काढायला बोलावलं. मी सवयीप्रमाणे आवराआवर केली. औषधाच्या बाटल्या, दोरीवरचे पंचे, शिवणयंत्रावरचा कपड्यांचा ढीग, सगळं आतल्या खोलीत. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या, त्यांच्यापुढं कुंडी आणून ठेवली. आजी कोपऱ्यात बसून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

फोटो द्यायला गेलो तेव्हा इमारत पडलेली होती. आजींनी एकेक फोटो नीट पाहिला. म्हणाल्या, "छान आलंय हो. कुणाचं घर?"

मग हळूच विचारलं, "चौकटीचा एखादा असेल का? नातवंडांची उंची मोजायचो आम्ही तिथं."

घरी येऊन सगळं धुंडाळलं. आवरण्यापूर्वी उजेड बघायला घेतलेला एक फोटो सापडला. वाकडा, खिडकी पांढरीफटक, समुद्राचा पत्ता नाही. पण पंचे होते, बाटल्या होत्या आणि अर्धी चौकट, रेघोट्यांसकट. तोच मोठा करून दिला. पैसे अर्थातच घेतले नाहीत.

आता कुठल्याही घरात शिरलो, की पहिला फोटो कशालाही हात न लावता काढतो. चहासुद्धा नंतर.